एकवीस तास पाच मिनिटं

१४ मार्च

दादा,

बाबा काल दुपारी साडेचारला घरी आले. टॅक्सीतून उतरले, बॅग स्वतः उचलली आणि दारात उभे राहून म्हणाले, "चहा टाक." दीड महिन्यासाठी गेलेला माणूस चौथ्या दिवशी दारात उभा, आणि वर चहा टाक!

मी विचारलं, काय झालं? म्हणे, तिथली हवा मानवली नाही. दादा भेटला? भेटला. घर कसं आहे? छान आहे, मोठं आहे. त्याला अचानक कामासाठी बाहेरगावी जावं लागलं, मी एकटा तिथे काय करणार, म्हणून निघून आलो. एवढं बोलून आंघोळीला गेले, बाहेर आले ते थेट झोपले.

बाबांना खोटं बोलता येत नाही. गिऱ्हाइकाला "उद्या देतो" म्हणण्यापुरतं येतं, आणि ते शिंप्याच्या धंद्यात धरत नाहीत. हवा मानवली नाही म्हणताना ते माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते.

मग आज सकाळी कामावर गेल्या गेल्या मी त्यांचं तिकीट उघडलं. बावीस वर्षं मी या काउंटरवर बसून लोकांची तिकिटं काढतेय. कुठलं विमान किती वाजता सुटतं, कुठे बदलायचं, मध्ये किती थांबायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. तुझं शहर आणि आपलं शहर, सरळ रेषेत बारा हजार आठशे साठ किलोमीटर. पण सरळ विमान नाही. पहिलं आठ तास दहा मिनिटं, मध्ये तीन तास वीस मिनिटांची बसकण, दुसरं नऊ तास पस्तीस मिनिटं. एकूण एकवीस तास पाच मिनिटं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेला. गुडघ्यांचं निमित्त करून मी चाकाची खुर्ची मागवते म्हणाले तर माझ्यावर उखडले, "मला काय धाड भरलीय?" मी मोठ्या अक्षरात, इंग्रजीत चार कार्डं लिहून त्यांच्या खिशात घातली होती. एकावर लिहिलं होतं, 'मला दुसऱ्या विमानाकडे जायचं आहे.' एकावर, 'माझा मुलगा बाहेर उभा आहे.'

तुझ्या तिथल्या वेळेनं सकाळी सव्वानऊला विमान उतरलं. वेळेवर. साडेदहाला त्यांचा मला फोन आला. "पोचलो. मोठा आलाय. ठेव." मी आनंदानं नाचायची बाकी होते. आणि रेकॉर्ड काय सांगतं? त्याच दिवशी संध्याकाळी पाच चाळीसला, त्याच विमानतळावरच्या खिडकीवर, परतीचं तिकीट बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वीसचं विमान.

म्हणजे बाबा विमानतळाबाहेर पडलेच नाहीत. सव्वीस तास ते तिथे बसून होते.

तुझं घर विमानतळापासून चाळीस मिनिटांवर आहे, असं तूच सांगायचास. ते बारा हजार किलोमीटर आले आणि तुला चाळीस मिनिटं जमली नाहीत? तूच ना म्हणाला होतास, येऊ देत बाबांना? बॅग मी उघडली. तुझ्यासाठी शिवलेले चार शर्ट घडी न मोडता तसेच आहेत.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, खुणा निळ्या होतात, आणि गप्प. म्हणून हे कागदावर लिहून कुरिअरनं तुझ्या त्या छान मोठ्या घरी पाठवतेय. कागद तरी तुला बंद करता येणार नाही.

तुझी (अजून तरी) बहीण


२ एप्रिल

दादा,

पत्र परत आलं. पाकिटावर शिक्का, 'या नावाची व्यक्ती येथे राहत नाही.' कुरिअरवाल्यानं ते माझ्या हातात दिलं तेव्हा काउंटरसमोर एक जोडपं उभं होतं, हनिमूनला जाणारं. ती मुलगी मला विचारत होती, "किती लांब आहे हो?" मी म्हटलं, "लांब बिंब काही नसतं. माणूस पत्त्यावर सापडला पाहिजे." बिचारी घाबरली. मालकांनी मला आत बोलावून पाणी दिलं.

आता या पत्राचे आणि त्या पत्राचे फोटो काढून तुला फोनवर पाठवतेय. वाच. बघू किती निळ्या खुणा होतात.

तो पत्ता तू मला तीन वर्षांपूर्वी दिलास. ते घर सोडलंस की कधी नव्हतंच? खिडकीत उभी असलेली वहिनी, मागे लाल पानांचं झाड, तो फोटो बाबांनी दुकानात मशिनच्या वर लावलाय. कुणाच्या घराचा आहे तो?

बाबांचं ऐक. रोज दुकान उघडतात, माप घेतात, कापतात, शिवतात. फरक एवढाच की आता तेही तुझ्यासारखे खोटं बोलायला शिकलेत. परवा मी डबा घेऊन गेले, तर समोरचा चष्मेवाला विचारत होता, "काय मास्तर, मुलाकडे कसं होतं?" आणि बाबा त्याला तुझं घर दाखवत होते! हातानं! इकडे स्वयंपाकघर, इकडे जिना, जिन्याखाली कपाट. वरच्या खोलीत माझी व्यवस्था केली होती, म्हणाले, खिडकीतून ते झाड दिसायचं. चष्मेवाला म्हणाला, "नशीबवान आहात." बाबा म्हणाले, "आहेच."

दादा, त्या एका फोटोवरून त्यांनी अख्खं घर बांधलं. त्यात स्वतःला झोपवलं सुद्धा. मी डबा तिथेच ठेवला आणि मागच्या गल्लीत जाऊन उभी राहिले. रडले नाही. तुला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं.

मी त्यांना काही बोललेले नाही. मला रेकॉर्ड माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. घरात आम्ही दोघं एकमेकांशी इतके जपून बोलतो, जणू मध्ये कुणीतरी झोपलंय.

एक वाक्य लिही. मेला नाहीयेस एवढं तरी.

मी


९ एप्रिल

लिहिलंस. एक वाक्य मागितलं, तू चार पानांएवढा मेसेज पाठवलास. दुपारच्या सुट्टीत, जिन्यात बसून तीनदा वाचला.

बरं. तू कामाला होतास तो कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद झाला. वहिनी त्याच्या आधीच सोडून गेली. घर भाड्याचं होतं, तेही गेलं. आता तू कुठल्याशा इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात आहेस आणि तळघरातल्या एका खोलीत चौघं राहता. हे सगळं मी समजू शकते. काम जाणं यात लाज काय? माझा नवरा दहा महिने घरी बसला होता, तेव्हा मी सगळ्या गावाला सांगून दोन शिकवण्या धरल्या होत्या. तू आम्हाला सांगितलं असतंस तर आम्ही काय तुझं नाव कापलं असतं?

पण पुढचं वाचलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

तू आला होतास.

तू विमानतळावर आला होतास! दहा वाजता, वेळेवर, खांबामागे उभा होतास. बाबा बाहेर आले, त्यांनी बॅग खाली ठेवली, खिशातून कार्ड काढलं, परत ठेवलं, टोपी नीट केली, हे सगळं तू मला लिहून पाठवतोस? चाळीस मिनिटं तू बघत होतास? मध्ये किती अंतर होतं तेही लिहिलंयस, वीस पावलं. मोजलीस? मोजायला वेळ मिळाला, चालायला नाही मिळाला?

मी इतके दिवस समजत होते की तू आला नाहीस. विसरलास, झोपलास, घाबरलास, काहीतरी. त्या माणसावर मी रागावले होते. हा दुसराच निघाला. न येणाऱ्याला मी कधीतरी माफ केलं असतं. पण येऊन, बघून, निघून गेलास! ते एकटे बसलेत हे डोळ्यांनी बघून बसमध्ये चढलास. "त्यांना त्या खोलीत कुठे झोपवणार होतो" म्हणे. जमिनीवर! आपल्या घरी आपण सगळे जमिनीवरच झोपून मोठे झालो, तेव्हा तुझी इज्जत कुठे गेली होती?

थांब. पाणी प्यायले. आता एक गोष्ट लिहिते आणि ती वाचून तू माझ्यावर उलटलास तरी माझी हरकत नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तूच म्हणालास येऊ देत बाबांना. ते खोटं आहे. नऊ वर्षं बाबा म्हणत होते, एकदा मोठ्याला बघून येतो, आणि नऊ वर्षं तू म्हणत होतास, पुढच्या वर्षी. मला त्याचा कंटाळा आला. कामावर सवलतीच्या जागा निघाल्या आणि मी तुला न विचारता तिकीट काढून टाकलं. दहा दिवस आधी तुला कळवलं. तू फोन केलास. तू म्हणालास, "आत्ता नको पाठवूस. ऐक माझं, आत्ता नको." तुझा आवाज बरा नव्हता. तेव्हाही कळलं होतं मला. आणि मी म्हटलं, "तुझी नाटकं पुरे झाली," आणि फोन ठेवला. बाबांना जाऊन सांगितलं, दादा वाट बघतोय, त्यानं खोली तयार केलीय. त्यांचं तोंड असं उजळलं की मलाच ते खरं वाटायला लागलं.

तर त्यांना विमानतळावरच्या त्या बाकावर बसवणाऱ्यांत मीही आहे. हे मी महिनाभर कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. यानं तुझं काही कमी होत नाही, लक्षात ठेव. फक्त माझंही आहे.

बाबांना मी सांगणार आहे. तुझं आणि माझं, दोन्ही. त्यांना सांगू नकोस, असं तू लिहिलंयस. तुझं ऐकण्याचे दिवस संपले.


१८ एप्रिल

दादा,

सांगितलं.

रविवारी दुकान बंद असतं, पण बाबा आत बसून कुणाचातरी कोट उसवत होते. मी शटर अर्धं उचलून आत गेले, स्टुलावर बसले आणि आधी माझं सांगितलं. दादा नको म्हणाला होता, मी तुम्हाला खोटं सांगितलं. ते दोरा ओढत राहिले.

"बरं," म्हणाले.

"बरं काय बाबा? रागवा की."

"रागावून झालंय. विमानात पुष्कळ वेळ असतो."

मग मी म्हटलं, "आणि दादा त्या दिवशी विमानतळावर आला होता."

"माहीत आहे."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. परत म्हटलं. तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"अगं, बाहेर आलो तेव्हाच दिसला मला. पोराची उभं राहायची ढब ओळखता येत नाही होय? खांब केवढा आणि हा केवढा. म्हटलं येईल. आला नाही. म्हटलं बुजला असेल, नऊ वर्षं झाली. म्हणून तुला फोन लावला आणि मोठ्यानं बोललो, मोठा आलाय. त्याला ऐकू जावं म्हणून. आता तरी येईल. तरी नाही."

"मग तुम्ही का नाही गेलात? हाक का नाही मारलीत?"

मांडीवरचा कोट त्यांनी सारखा केला.

"त्याच्या अंगावर दुसऱ्याचा कोट होता," म्हणाले. "खांद्याची शिवण इथे, दंडावर उतरलेली. बाह्या बोटांपर्यंत. दुमडून आत घेतल्या होत्या, तरी दिसत होतं. पन्नास वर्षं मापं घेतोय मी. मागून आणलेला कोट मला कळतो. मला भेटायला माझा पोरगा कुणाचातरी कोट मागून आलाय. म्हटलं, याचं काहीतरी फार बिघडलंय. आणि आता मी समोर गेलो, तर त्या कोटात त्याला माझ्याशी बोलावं लागेल."

"मग?"

"मग पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून बसलो, त्याला जायचं तर जाता यावं म्हणून. थोड्या वेळानं वळून बघितलं, तर गेला होता."

"आणि नंतर सात तास?"

"म्हटलं, परत आला तर? तो आला आणि मी नसलो, तर पंचाईत. संध्याकाळ झाल्यावर एक झाडणारी बाई होती, ती सकाळपासून बघत होती मला. तिला तुझं कार्ड दाखवलं, माझा मुलगा बाहेर उभा आहे. ती बाहेर जाऊन बघून आली. मान हलवली. मग तिनंच हात धरून तिकिटांच्या खिडकीपाशी नेलं."

मी ओरडले. हो, बाबांवर! आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, तुम्ही दोघंही सारखेच. एक खांबामागे लपतो आणि दुसरा त्याला लपायला मदत करतो! एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं? त्यानं तो कोट काढून फेकला असता, रडला असता, जमिनीवर झोपला असतात तुम्ही दोघं! त्याची लाज सांभाळता सांभाळता त्याला सोडून आलात तुम्ही तिथे!

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. कात्री खाली ठेवली बाबांनी.

"तेच," म्हणाले. "येताना सगळी वाट मी तेच म्हणत होतो स्वतःला. त्याला हाक मारायला हवी होती. मी बाप आहे, मी चालत जायला हवं होतं."

मग तुझं काम गेल्याचं, तळघरातल्या खोलीचं, सगळं मी त्यांना सांगितलं. शटरखालून लोकांचे पाय जाताना दिसत होते.

तुला वाटत असेल हे वाचून माझा राग गेला असेल. नाही गेला. उलट आता तो तिघांना पुरतोय. तू वीस पावलं चालला नाहीस म्हणून त्र्याहत्तर वर्षांचा माणूस माझ्यासमोर स्वतःला अपराधी म्हणतोय. हे तुझं काम आहे, आणि हे त्यांच्या अंगावरून तुलाच उतरवावं लागेल. मला नाही उतरवता येत. मी करून बघितलं.


५ मे

दादा,

तुझा मेसेज मिळाला. "जरा सावरलो की येतो. एकदम असं तोंड घेऊन कसं येऊ? लोक काय म्हणतील, बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

सावरलो की! नऊ वर्षं मी 'पुढच्या वर्षी' ऐकलं, आता 'सावरलो की' ऐकायचं. शब्द तेवढे बदलतोस.

लोकांचं ऐक मग. काल संध्याकाळी चष्मेवाला दुकानात आला, सोबत त्याचा मेहुणा. मी बाबांच्या मागे बसून काजं करत होते. चष्मेवाला मेहुण्याला म्हणाला, "मास्तरांना विचार, हे जाऊन आलेत. काय घर आहे मुलाचं!" मी सुई थांबवली. बाबांनी मशिनवरचा पाय काढला.

"मी घर बघितलं नाही," बाबा म्हणाले.

"अहो, त्या दिवशी तर..."

"ते मी मनानं सांगितलं. विमानतळावरून परत आलो मी. पोराचं काम गेलंय, राहायला जागा धड नाही, म्हणून तो पुढे आला नाही. आणि मीही त्याला हाक मारली नाही. चूक झाली. त्याला बोलावून घेतोय आता."

चष्मेवाल्याचं तोंड पडलं. मग तो म्हणाला, "केव्हा येतोय?" आणि मेहुणा म्हणाला, "काय काम करायचा?" झालं. एवढंच. आभाळ कोसळलं नाही. मेहुण्याच्या ओळखीत कुणाचातरी यंत्रदुरुस्तीचा कारखाना आहे, त्यावर ते अर्धा तास बोलत बसले. बाबांनी रात्री जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं. परत आल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हा ज्यांच्यासमोर तुला तोंड दाखवायचं नाही, त्या सगळ्यांना माहीत आहे. गल्लीत उरलेल्यांना चष्मेवाला आज सांगेल, तो नेमानं सांगतो. आता लपायला तुला कुणी शिल्लक नाही.

या वेळीही मी तुला न विचारता तिकीट काढलंय. फरक इतकाच की बाबांना विचारून काढलंय, आणि तू आत्ता नको म्हणालास तर मी फोन ठेवणार नाही, ऐकून घेईन. मग उलट बोलेन. सत्तावीस मे, तुझ्याकडून सकाळी अकरा वीस. इकडे येताना वारा पाठीमागून असतो, त्यामुळे दोन्ही विमानं मिळून दीड तास कमी उडतात. मध्ये दोन तास थांबायचं. अठरा तास पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन पाचला उतरशील. चादरीवाल्यांना हवं तर रजा सांग, हवं तर रामराम ठोक. तिकिटाचा फोटो सोबत आहे. परतीचं काढलेलं नाही, ते तू आल्यावर तिघं मिळून ठरवू.

बाबा तुला घ्यायला येणार आहेत. दोन वाजल्यापासूनच जाऊन उभे राहणार म्हणतात. आणि तू दिसलास की, जिथे असशील तिथून, सगळ्या लोकांत, तुला नावानं हाक मारणार आहेत. मला बजावून सांगितलंय, हे त्याला लिही, म्हणजे तो दचकणार नाही.

मी येणार नाही. मी घरी थांबणार आहे. मला तुझ्यावर मनसोक्त ओरडायचंय, आणि ते चारचौघांत बरं दिसत नाही.

तुझी बहीण